एक जुना लाकडी प्लग, त्याच्या बारा नकला आणि फर्म्यांचा हिशोब

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास या माशाच्या मागे लागलेल्यांच्या पेटीत प्लास्टिकची कितीही नकली आमिषं असली, तरी एखादा लाकडी प्लग, म्हणजे लाकडातून कोरलेला नकली मासा, हमखास असतोच. या प्रकरणातला प्लग १६५ मिमी लांब, सर्वांत जाड जागी ३४ मिमी आणि शेपटीच्या टोकाला ११ मिमी. नाकाखाली स्टेनलेस स्टीलचा वाकवलेला ओठ. नाकापासून शेपटीपर्यंत आरपार गेलेली तार, म्हणजे उद्या लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहावा. पोटाला एक आणि शेपटीला एक असे तीन काट्यांचे दोन गळ.

प्लगचे मालक मूळचे मालवणचे, आता निवृत्त. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ज्याने हा प्लग बनवला तो म्हातारा कारागीर आता हयात नाही आणि त्याचे फर्मे, म्हणजे आकार उतरवून घ्यायचे नमुने, तेही कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. प्लग मात्र अजून तसाच चालतो. सावकाश ओढला की पाण्याच्या पृष्ठभागालगत कंबर हलवत येतो, मागे पाण्यात रुंदावत जाणारी रेघ सोडतो. बासचं आवडतं भक्ष्य असलेला बंकर, म्हणजे आपल्या तारलीच्या गोतातला मासा, जखमी झाला की असाच दिसतो. दगडांत अडकून हा एकुलता एक प्लग गेला तर पुन्हा मिळणार नाही, म्हणून काकांनी ओळखीतल्या एका हौशी कारागिराकडून त्याच्या बारा नकला करून घेतल्या. त्याने लाकूड फिरवून कापणाऱ्या लेथला डुप्लिकेटर, म्हणजे नमुन्यावरून नक्कल कापणारी जोडणी, लावून त्या मन लावून केल्या. टेबलावर मांडल्या तर मूळ कुठला ते रंगावरूनच ओळखावं लागे. पाण्यात सोडल्यावर मात्र काही नकला पाठीवर पडत, काही काठीसारख्या सरळ येत, आणि दोनच जेमतेम डुलत. काकांनी सगळा माल माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवला आणि म्हणाले, "ह्यो पोवता, ते नुसते लोळतत. तू बघ काय ता."

लेथवर नकला करायची कला जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ मध्ये नमुन्यावरून लाकूड कापणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं आणि स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात त्यावर बंदुकांचे दस्ते निघू लागले. दस्ता गोल नसतो, त्यामुळे ब्लँचर्ड यांच्या यंत्रात नमुना आणि लाकूड दोन्ही एकत्र फिरत. प्लगचं अंग गोल असतं, म्हणून आपलं काम सोपं होतं: अर्ध्या बाह्यरेषेचा एक सपाट फर्मा पुरतो. फर्म्याच्या कडेवरून एक पिन सरकते आणि तिच्याशी जखडलेलं पातं फिरत्या लाकडात तीच रेषा कापत जातं. केप कॉड कालव्याकाठचे स्टॅन गिब्ज किंवा लाँग आयलंडचे डॅनी पिचनी या कारागिरांच्या नावाने आजही लाकडी प्लग ओळखले जातात. त्या परंपरेत एकसारखा माल काढणं ही चैन नाही. एका प्लगने मासा दिला की माणूस तोच प्लग पुन्हा मागतो, आणि तोच म्हणजे तसाच पोहणारा.

मोजमाप

नकला जवळ घेऊन बघण्याआधी मूळ प्लग नीट मोजणं भाग होतं. नाकाच्या सपाट टोकाला शून्य धरून दर १० मिमीवर पेन्सिलीची खूण केली आणि प्रत्येक खुणेवर व्हर्नियरने दोनदा व्यास घेतला, एकदा उभा आणि एकदा आडवा. दोन आकडे जुळत नव्हते. पोटापाशी जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. यात कारागिराचा दोष काहीच नाही. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसतं, त्यामुळे लेथवरून गोल उतरलेली वस्तू काही वर्षांनी किंचित लंबगोल होते. अशा वेळी एकाच बाजूने पेन्सिल फिरवून बाह्यरेषा काढली तर फर्मा जन्मतःच चुकतो. दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची.

दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या प्लगवर प्रायमर, रंग आणि इपॉक्सी असे थर असतात. शेपटीजवळ एक टवका उडालेला होता, तिथे पायरी मोजली तर ०.४ मिमी भरली. म्हणजे लाकडाचा व्यास सगळीकडे ०.८ मिमीने कमी. पहिल्या नकलांच्या फर्म्यात हे वजा केलं नव्हतं आणि वर पुन्हा नवा रंग चढला होता. एक गुन्हेगार सापडला. पण सगळीकडे सारखंच जाड झाल्याने प्लग लोळत नाही, फार तर जरा जास्त तरंगतो. खरी भानगड पुढे होती.

बाराही नकला त्याच खुणांवर मोजल्या आणि रंगाचा वाटा वजा केला. मग चित्र स्वच्छ दिसलं. पोटाच्या जाड भागात व्यास बरोबर. नाकामागच्या उतारावर, जिथे रेषा साधारण ४५ अंशांत चढते, तिथे नकला दीड मिलिमीटरहून जास्त जाड. मागच्या सौम्य उतारावर अर्ध्या मिलिमीटरच्या वर. शेपटीच्या टोकाला, उतार संपल्यावरही, पाऊण मिलिमीटर जाड. चूक वाटेल तशी विखुरलेली नव्हती. उतार बदलला की ती बदलत होती, व्यास घटला की वाढत होती. अशी शिस्तीत वागणारी चूक लाकडाची किंवा हाताची नसते, ती यंत्राच्या जोडणीची असते.

पिन आणि पातं

डुप्लिकेटरची पिन १२ मिमी व्यासाची होती आणि कार्बाइडचं गोल पातं ८ मिमीचं. दोघांच्या त्रिज्येत २ मिमीचा फरक. सपाट भागावर हा फरक दिसतच नाही, कारण पातं पुढे-मागे करून पोटाचा व्यास आपण बरोबर लावून घेतो. उतारावर मात्र पिन फर्म्याला तिच्या कुशीने टेकते आणि पातंही लाकडाला कुशीनेच टेकतं. पिन जाडी असेल तर पातं तिथे लाकडापासून थोडं लांब राहतं. हिशोब साधा भूमितीचा आहे. ४५ अंशांच्या उतारावर २ मिमी फरकाचे ०.८३ मिमी त्रिज्येत उतरतात, म्हणजे व्यासात १.६६ मिमी. ३० अंशांवर व्यासात ०.६२ मिमी. व्हर्नियरने दाखवलेले आकडे हेच होते. कागदावरचा आकडा लाकडावर असा जुळतो तेव्हा पुढचं काम निश्चिंत मनाने करता येतं.

शेपटीचं कारण निराळं. पात्याची धार लेथच्या मध्यरेषेपेक्षा २.५ मिमी खाली बसली होती. धार मध्यरेषेवर नसेल तर पातं जितकं आत सरकतं तितकी त्रिज्या मिळत नाही, आणि वस्तू जितकी बारीक तितकी ही तूट मोठी. ३४ मिमीच्या पोटावर जोडणी करून घेतली की तिथे चूक शून्य, पण त्याच जोडणीत ११ मिमीची शेपटी पावणेबारा मिलिमीटरची होते. तपासायची युक्ती सोपी आहे: टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या न फिरणाऱ्या टोकाच्या, टोकदार सेंटरसमोर धार नेऊन धरायची. सुईसमोर सुई आली पाहिजे. आम्ही पात्याखाली पितळेच्या पट्टीची शिम घातली आणि ८ मिमीची नवी पिन बसवली.

पिनेबाबत एक नियम ओघाने आलाच: फर्म्यावर आत वळलेल्या कोणत्याही खोबणीच्या वळणाची त्रिज्या पिनेच्या त्रिज्येपेक्षा लहान नको. पिन तिच्यात शिरतच नाही, वरून पुलासारखी निघून जाते. शेपटीआधीची चिमट ठेवायची असेल तर ती पिनेला पेलेल इतकी रुंद ठेवावी लागते.

पण एवढ्याने निम्मंच उत्तर मिळालं. सगळ्या नकलांत उताराची चूक सारखीच होती, मग त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या का पोहत होत्या?

शून्य कुठे

ओठाची खाच आणि पोटाची भोकं लाकूड चौकोनी असतानाच पाडावी लागतात. गोल झाल्यावर ते धरायचं कशात आणि काटकोन लावायचा कशाला? त्या कारागिरानेही बरोबर तसंच केलं होतं, नाकाच्या टोकापासून मोजून. नंतर लाकूड लेथवर चढलं. हेडस्टॉकचा, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाचा, दातेरी सेंटर मऊ सीडरमध्ये कधी कमी रुतायचा, कधी जास्त. फर्मा मात्र लेथच्या बेडवर घट्ट बसवलेला. परिणाम असा की प्रत्येक नकलेत बाह्यरेषा एकाच जागी, पण तिच्या तुलनेत ओठाची खाच आणि वजनासाठी शिसं भरायचं भोक दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे. ओठ नाकापासून किती मागे आहे आणि वजन पोटाच्या फुगीर भागाच्या पुढे आहे की मागे, यावर तर प्लगचं सगळं पोहणं अवलंबून. सगळी मापं एकाच शून्यापासून निघाली पाहिजेत, ही गोष्ट या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते. फर्मा कितीही सुबक कापला तरी शून्य हलत असेल तर तो फक्त चित्र काढून देतो.

म्हणून आम्ही फर्म्यांचा एक जोडच बनवला आणि दोन्हींचं शून्य नाकाच्या सपाट टोकावर ठेवलं.

पहिला फर्मा चौकोनी लाकडासाठी. ३८ × ३८ × १९० मिमीच्या तुकड्यावर नाकाकडून टोपीसारखी बसणारी प्लायची पेटी. तिच्या बंद टोकाला नाक टेकलं की खाचेची रेषा, पोटाच्या तारेचं भोक आणि शिशाचं भोक यांच्या जागा ठरलेल्या. भोकांच्या जागी स्टीलच्या छोट्या नळ्या बसवल्या, नाहीतर ड्रिल चार दिवसांत प्लायचं भोक सैल करतं. तारेचं आरपार भोक सर्वांत आधी, दोन्ही टोकांकडून अर्धं-अर्धं. पुढे लेथची सेंटर याच भोकांत बसतात, त्यामुळे बाहेरचा गोल आणि आतली तार एकाच अक्षावर येतात. खाच कापल्यावर तिच्यात लाकडाची एक पातळ चीप न चिकटवता दाबून ठेवायची. पातं खाचेवरून जाताना कडा उडत नाहीत.

हेडस्टॉकला दातेरी सेंटरऐवजी सपाट तोंडाचा, मध्ये पिन असलेला ड्राइव्ह लावला. लाकडाचं नाक त्या सपाट तोंडाला टेकतं, रुतत नाही. शून्य तिथेच राहतं.

दुसरा फर्मा बाह्यरेषेचा. मोजलेले व्यास निम्मे केले, रंगाचे ०.४ मिमी वजा केले आणि ते बिंदू कागदावर मांडले. बिंदू जोडायला लवचिक लाकडी पट्टी वाकवून धरली. बिंदू अचूक असले तरी मोजताना थोडं इकडेतिकडे होतंच, आणि पट्टी ते सावरून घेते, कारण तिला कोपरा करता येत नाही. रेखाटन प्रिंट करून घ्यायचं असेल तर कागदावर १०० मिमीची एक रेघ टाकून प्रिंटवर ती मोजून पाहावी. प्रिंटर गुपचूप ९७ टक्के करून टाकतात. कागद ६ मिमीच्या हार्डबोर्डवर चिकटवला आणि रेषा राखून, जरा बाहेरून कापला. दोन्ही टोकांना २० मिमी जास्तीची वाट ठेवली, म्हणजे पिन आत येताना आणि बाहेर जाताना ठेचकाळत नाही.

मग कानस. हे काम घाईत करू नये. सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर ताणून, लांब हाताने, उताराच्या दिशेने घासत रेषेपर्यंत यायचं. डोळ्याला कड गुळगुळीत दिसू लागली की डोळे मिटून अंगठ्याचं पोट तिच्यावरून सावकाश फिरवायचं. पोटाच्या पुढे, साधारण ५० मिमीच्या खुणेपाशी, एक उंचवटा होता. दिव्याखाली धरूनही तो दिसत नव्हता, पण अंगठा दर वेळी तिथेच अडखळत होता. दोन हात घासल्यावर तो गेला. तो राहिला असता तर बाराही प्लगवर बांगडीसारखा उमटला असता. शेवटी कडेला पातळ सुपरग्लू पाजला. हार्डबोर्डची कड त्याने कडक होते आणि पिन घासून झिजत नाही.

यांशिवाय तपासणीसाठी तीन खाचांची एक पत्र्याची पट्टी केली: पोट, खांदा आणि शेपटी यांच्या व्यासाच्या खाचा. पॉलिश पेपर मारून झाल्यावर प्लग त्या खाचेत सरकला पाहिजे आणि डगडगता कामा नये. हे गरजेचं आहे, कारण जाड पेपर सहज दोन-तीन दशांश मिलिमीटर खातो आणि डुप्लिकेटरने कमावलेली अचूकता तिथेच गमावली जाते.

लाकूड आणि वजन

मूळ प्लग यलो सीडरचा. काकांना मॅपल सुचलं होतं, टणक म्हणून. आकडेमोड करून पाहिली. अंगाचं आकारमान सुमारे ९४ घनसेंटिमीटर. यलो सीडरची घनता ०.४८ धरली तर लाकूड ४५ ग्रॅम, आणि तार, ओठ, गळ, शिसं मिळून साधारण ३५. बेरीज ८०, म्हणजे तरंगणार. हार्ड मॅपलची घनता ०.७ च्या आसपास, म्हणजे लाकूडच ६६ आणि बेरीज शंभरावर. तोच फर्मा, तीच बाह्यरेषा, पण प्लग सरळ तळाला. मॅपल वाईट नाही, खोल जाणाऱ्या प्लगला ते उत्तमच. या प्लगला नाही.

एकाच जातीच्या लाकडातही फळीगणिक दहा टक्क्यांचा फरक सहज असतो. ४५ ग्रॅमच्या अंगात तो साडेचार ग्रॅम झाला आणि पोटातलं शिसं आहे सात ग्रॅम. म्हणून सारख्या मापाचे चौकोनी तुकडे आधी तराजूवर ठेवून त्यांचे हलके, मध्यम आणि जड असे गट केले. शिसं सगळ्यांना सारखं न घालता एकूण वजन शक्य तितकं सारखं येईल असं घातलं. तरंगण्याची चाचणी बादलीत घेतली, पण दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणजे एवढ्या प्लगला समुद्रात दोनेक ग्रॅमचा जास्त आधार मिळतो. गोड्या पाण्यात पोटाला टेकलेली रेषा खाडीत निराळीच दिसते.

चाचणीच्या वेळी गळ खरे लावायचे. काकांनी शेपटीचा तीन काट्यांचा गळ काढून केसांचा झुपका बांधलेला एकेरी गळ लावला होता. २०२३ मध्ये नियम आला की समुद्रात साधारणपणे २८ ते ३१ इंचांमधलाच बास ठेवायचा, बाकीचे सोडायचे, आणि एकेरी गळ पटकन निघतो. निर्णय योग्यच, पण तेवढ्याने शेपटी काही ग्रॅम हलकी होते आणि नाक खाली जातं. शिशाचं भोक त्या हिशोबाने मागे घेतलं आणि पेटीच्या फर्म्यावर नळी त्या जागी नव्याने बसवली.

सीडरच्या धुळीने छाती धरते, काहींना दम्यासारखा त्रास होतो. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा लावल्याशिवाय हे काम करू नका.

काकांनी विचारलं, "डुप्लिकेटर नाय तर मग काय नकला करूचेच नाय?" करायच्या की. दहा-बारा नगांसाठी माझं मत उलट हाताने करण्याच्या बाजूने आहे. त्याच बाह्यरेषेची एक पट्टी कापायची, तिच्या कडेवर सात-आठ जागी खाचा पाडून व्यास लिहायचे. गोल केलेल्या लाकडावर पट्टी टेकवून पेन्सिलीने खुणा उतरवायच्या, प्रत्येक खुणेवर पार्टिंग टूल या अरुंद पटाशीने कॅलिपर घसरेपर्यंत खोल जायचं आणि मग गाउज व स्क्यू या लेथच्या पटाशांनी खुणा जोडायच्या, नेहमी जाडीकडून बारीकीकडे. धारदार स्क्यूने निघालेला पृष्ठभाग डुप्लिकेटरच्या खरवडीपेक्षा कितीतरी गुळगुळीत असतो आणि पेपर कमी लागतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-खेळणी करणाऱ्यांचे हात पाहिलेत त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. पन्नास-शंभर नग करायचे असतील तेव्हा डुप्लिकेटरची जोडणी करायचा वेळ वसूल होतो. इथे तो वापरला, कारण तो आधीच जोडलेला होता आणि काकांच्या दोन मित्रांनाही प्लग हवे होते.

नवे बारा बार्नेगॅटच्या खाडीत, वारा पडलेल्या सकाळी, मूळ प्लगच्या शेजारी ओढून पाहिले. मध्यम गटातले सगळे मूळच्यासारखेच डुलत आले. जड गटातला एक उजवीकडे ओढत होता. त्याची दोरी बांधायची तारेची कडी डावीकडे केसभर वाकवल्यावर तो सरळ झाला. ही कसर फर्म्याने भरून निघत नाही, ओठ हाताने बसवतो तिथे एवढं होणारच. हलक्या गटातले दोन जरा उंच तरंगतात. काकांनी ते उथळ पाण्यासाठी मुद्दाम वेगळे ठेवलेत.

आता त्यांना तोच प्लग लहान हवा आहे, वसंतात आत येणाऱ्या छोट्या भक्ष्याच्या मापाचा. फर्मा ८० टक्के करून प्रिंट काढला की झालं, असं त्यांना वाटत होतं. लांबी ८० टक्के झाली की आकारमान ५१ टक्क्यांवर येतं. ९४ चे ४८ घनसेंटिमीटर. सीडरचं लाकूड २३ ग्रॅम, म्हणजे तार, ओठ, गळ आणि शिसं मिळून २५ ग्रॅमच्या आत बसवायचं, तेही जेमतेम तरंगण्यापुरतं. तार तर तीच जाड ठेवावी लागणार, मासा काही ८० टक्के जोर लावत नाही. त्यामुळे गळ लहान घ्यायचे, ओठाचा पत्रा पातळ करायचा आणि शिसं जवळजवळ काढून टाकायचं, असा पहिला मसुदा आहे. पोट किंचित फुगवून दोन-तीन घनसेंटिमीटर मिळतात का ते पट्टी वाकवून बघतो आहे.